तपेल्यावरचं नाव

चूक आधी सांगून टाकतो. एका एकोणऐंशी वर्षांच्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून एक निरोप दिला होता. तो मी पोचवला नाही, आणि पोचवला असं त्यांना सांगितलं. त्यांच्या घरात तो निरोप सत्तर वर्षं थांबून होता. माझ्या खिशात तो एक दुपारभर होता. तेवढं एकच काम माझ्याकडे होतं, आणि मी चहा पिऊन परत आलो.

आम्ही आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ओंगारला राहतो. लेक माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षाला आहे. इथल्या शाळेत त्या वर्षी मोठी परीक्षा नसते, मुलांकडून प्रकल्प करून घेतात. इतिहासाच्या बाईंनी तिला आणि तिच्या मैत्रिणीला जोडीने विषय दिला, पॅलेस्टाइनमधला मॅन्डेटचा काळ. मैत्रीण आमच्याच वसाहतीत, चार घरं सोडून राहते. तिचं घराणं मूळचं हैफाच्या बाजूचं. दोघी कॅमोगी, म्हणजे इथला मुलींचा काठी-चेंडूचा खेळ, खेळतात, आणि एकमेकींचे डबे खातात.

लेकीने मला विषय समजावून सांगितला. मी तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती इथल्या हेलाच्या इंग्रजीत उत्तर देते. इथे मी सगळं मराठीतच लिहितो आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्या मुलखाचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. लोक सज्ञान होईपर्यंत पालक नेमावा, तसा. पण त्या पालकाने त्याआधीच ज्यूंना तिथे राष्ट्रीय घराचा शब्द दिलेला होता. आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना सांगितलं होतं, तुमच्या हक्कांना धक्का लागणार नाही.

"बाईंनी आणखी एक सांगितलं," लेक म्हणाली. "इथे आयर्लंडमध्ये घरं जाळणारे काही पोलीस, इथलं राज्य गेल्यावर तिकडे बंदोबस्ताला गेले. आमच्या वर्गातल्या एकाच्या पणजीचा भाऊसुद्धा होता त्यांच्यात. तो मुलगा लालेलाल झाला."

"मग तुम्ही काय करणार?"

"दोघींनी एकेका म्हाताऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची. तिचे आजोबा अम्मानहून येणार आहेत. मला कोण मिळणार?"

मला लगेच सुचलं. आणि सुचल्याचा आनंद झाला, तोही सांगायला हवा. जवळच्या नावन गावात आमच्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, अलिबागकडच्या बेने इस्राएल. म्हणजे शेकडो वर्षं कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. डॉक्टरांची आई सहा महिन्यांसाठी आली होती. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणायचो. ऑफिसात कुणी आयरिश माणूस भेटला की मी सांगायचो, आमच्या महाराष्ट्रात ज्यूंना कधी कुणी त्रास दिला नाही. हे वाक्य मला फार आवडायचं. ते खरंही आहे. पण त्यात माझी स्वतःची कमाई काहीच नव्हती, आणि तरी मी ते स्वतःच्या पदकासारखं छातीवर लावून फिरायचो.

ठरलेल्या रविवारी लेकीचा सामना निघाला. मी म्हटलं, मी जातो, फोनवर रेकॉर्ड करून आणतो, इंग्रजीत उतरवून देतो.

"ग्रँड, बाबा," ती म्हणाली. "पण सगळं आण हं."

आजींनी मलिदा केला होता, बेने इस्राएल लोक आपल्या एका प्रेषिताच्या नावाने करतात तो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. "नबीच्या नावाचा हाय, नाय म्हणायचं नाय," असं म्हणून त्यांनी बशी पुढे केली. मग फोनकडे बघून विचारलं, "तुझ्या या डबीला आमचं अलिबागचं बोलणं कळेल काय रे?"

"डबीला नाही कळलं तरी मला कळेल."

"तू पुण्याचा. तुला आपलंच बोलणं बरोबर वाटणार."

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीत कारकून होते. त्यांची नेमणूक हैफाला झाली. ज्या देशाचं नाव प्रार्थनेत रोज घ्यायचे, तिथे ते खाकी चड्डी घालून, मालाच्या पेट्या मोजायला जाऊन पोचले. तिथल्या ज्यूंना हा काळासावळा मराठी माणूस ज्यू आहे हे पटेना. तोंडपाठ प्रार्थना म्हणून दाखवावी लागली. आणि बाजारात तांब्याच्या भांड्यांना कल्हई करणारे अरब दिसले, तेव्हा मात्र त्यांना अलिबागला आल्यासारखं वाटलं.

"बाबा म्हणायचे," आजी सांगत होत्या, "साहेबानं एकाच वाडीचा शब्द दोघांना दिला. आणि वाडी साहेबाची नव्हतीच."

हे मी उतरवलं. लेकीच्या बाईंना ते फार आवडलं.

मग आजी उठल्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ओट्याखालच्या प्रेसमधून त्यांनी दोन्ही हातांनी एक तांब्याचं तपेलं काढलं, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. मुंबईहून येताना ते सामानात आणलं होतं. डॉक्टर मुलगी चिडली होती, तरी.

इंग्रज निघून गेले, लढाई झाली, नवा देश झाला. त्यानंतर दोनेक वर्षांनी आजींचा थोरला भाऊ बोटीने तिकडे गेला. विशीही उलटलेली नव्हती. त्याला हैफाजवळच्या एका गावात राहायला घर दिलं. घर रिकामं होतं, पण अगदी रिकामं नव्हतं. जिन्याखाली हे तपेलं पालथं घातलेलं होतं. त्याने उलटं केलं, तर काठाखाली अक्षरं कोरलेली.

"आता तूच सांग," आजी म्हणाल्या, "आपल्यात भांड्यावर नाव का घालतात?"

"हरवू नये म्हणून."

"कार्याला भांडी एकमेकांकडे जातात. कल्हईला जातात. नाव असलं की आपलं आपल्याला परत येतं. दादाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण नाव हाय एवढं कळलं. त्यानं घरी पत्र लिहिलं, आई, या घरात मला कोणाचं तरी तपेलं गावलंय, त्यात मला भात शिजवता येत नाय."

भाऊ तिथे टिकला नाही. काळे म्हणून कामात, पावाच्या रांगेत, सगळीकडे मागे ठेवायचे. जे काही जण हट्ट करून हिंदुस्थानात परत आले, त्यांच्यात तो होता. येताना तपेलं घेऊन आला. मागे ठेवलं असतं तर कुणी मोडीत घातलं असतं, असं त्याचं म्हणणं. पण आपण ते सांभाळलं की चोरलं, हे त्याला मरेपर्यंत ठरवता आलं नाही. आईने ते माळ्यावर ठेवलं. कधी चुलीवर चढवलं नाही. दर दोन वर्षांनी कल्हई मात्र करून घ्यायची, कारण दुसऱ्याची वस्तू परत करताना चांगली असावी. मरताना भावाने आजींना सांगितलं, ज्याचं त्याला पोचव.

"मी कुठं पोचवणार? मी राहणार ठाण्याला, तिथं कोणाला विचारणार?" आजी म्हणाल्या. "आता तू म्हणतोस, त्या पोरीचे आजोबा येणार हायत, तिकडचेच. त्यांना फोटो दाखव. वाचू देत. त्या लोकांचं कोणी हयात असेल तर मी देऊन टाकते. नसेल तर त्यांना म्हणावं, तुम्ही न्या."

मी फोटो काढला. अक्षरं खोल होती, स्वच्छ होती. मी आजींना म्हणालो, "नक्की दाखवतो."

घरी येऊन मी उतरवायला बसलो. मलिदा लिहिला, घाणे लिहिले, हैफा लिहिलं, वाडीचं वाक्य लिहिलं. तपेल्यापाशी आलो आणि हात थांबला. मी स्वतःला जी कारणं दिली ती अशी: मैत्रिणीच्या घरच्यांना वाईट वाटेल. मुलींच्या मैत्रीत काहीतरी येईल. डॉक्टरबाई इथे नोकरी करतात, उगाच त्यांच्या आईचं नाव कुठल्या वादात नको. दिवसही वाईट होते. टीव्हीवर रोज गाझातली पडलेली घरं आणि चादरीत गुंडाळलेली मुलं दिसत होती, डब्लिनच्या रस्त्यांवर मोर्चे निघत होते. मी त्यातल्या एकाही मोर्चाला गेलो नाही आणि कुणी विचारलं तर फक्त मान हलवत होतो. दोन देशांत पंचवीस वर्षं नोकरी मी अशीच मान हलवून केली आहे.

पण ही सगळी वरवरची कारणं. आतलं कारण असं, की त्या तपेल्याने माझं आवडतं वाक्य बिघडत होतं. मला आजी हव्या होत्या त्या मलिद्याच्या, घाण्याच्या, सलोख्याच्या. कुणाच्या तरी रिकाम्या घरातलं भांडं मांडीवर घेऊन बसलेली आजी मला प्रकल्पात नको होती. मी तो भाग गाळला.

दोन आठवड्यांनी आजोबा अम्मानहून आले. आमच्या लेकीनेही त्यांना प्रश्न विचारायचे असं ठरलं होतं, आणि मलाही मैत्रिणीच्या घरी बोलावलं होतं. सत्त्याऐंशी वर्षांचे, अंगावर स्वेटर, त्यावर कोट, तरी थंडी वाजत होती. इंग्रजी छान बोलत. त्यांचे वडील मॅन्डेटच्या काळात पोस्टात होते.

"तिकिटावर तीन लिप्या असायच्या," ते म्हणाले. "इंग्रजी, अरबी, हिब्रू. मी लहान होतो. मला वाटायचं, एवढ्याशा कागदावर तीन जण मावतात, तर देशात मावतीलच."

लेकीने त्यांना आजींच्या वडिलांबद्दल सांगितलं. ते एकदम हसले. "हिंदी शिपाई! आम्ही पोरं त्यांच्या गाडीमागे धावायचो. बिस्किटं टाकायचे. एकदा एक बिस्कीट माझ्या डोक्यावर आपटलं होतं. त्या बाईंना विचारा, त्यांचे वडील नेम धरून मारायचे का?"

सगळे हसले. मीही हसलो. फोन माझ्या खिशात होता.

मग त्यांनी इंग्रज गेल्यावरच्या लढाईत घर सोडल्याचं सांगितलं. आठवड्याभरात परत येऊ असं सगळ्यांना वाटत होतं. आईने दोनच दिवसांपूर्वी मोठी भांडी कल्हईवाल्याकडे टाकली होती. "पुढे अम्मानमध्ये तिच्याकडे पुष्कळ भांडी झाली," ते म्हणाले. "पण पाहुणे आले आणि मोठं पातेलं लागलं, की ती म्हणायची, माझी भांडी कल्हईला गेली आहेत. नव्वदाव्या वर्षीसुद्धा. आम्ही चेष्टा करायचो, आई, किती दिवस लावतोय तुझा कल्हईवाला?"

त्यांची नात कप गोळा करायला उठली. माझा हात खिशात होता आणि फोन हातात होता. फोटो उघडायला दोन सेकंद लागली असती. मी बाहेर काढला, वेळ पाहिली, आणि म्हणालो, "उशीर झाला, आजोबांना विश्रांती घेऊ द्या."

निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "त्या बाईंना माझा सलाम सांगा." तोही मी सांगितला नाही. कारण सलाम सांगितला असता तर आजींनी पुढचं विचारलं असतं.

आजींनी तरीही विचारलंच. दोन दिवसांनी फोन आला. "काय रे, वाचलं का त्यांनी?"

"आजी, अक्षरं फार पुसट झालीत. त्यांना वाचता आली नाहीत."

मग त्या म्हणाल्या, "पुसट? मी आत्ताच बोट फिरवून बघितलं की."

"जुनी लिपी आहे म्हणाले."

"बरं," आजी म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

प्रकल्प शाळेच्या व्हरांड्यात लागला. दोन म्हाताऱ्या माणसांचे फोटो शेजारी शेजारी, मध्ये त्या काळच्या नकाशाचं चित्र. पालक येऊन वाचत होते. एक बाई मला म्हणाल्या, किती सुंदर, दोन्ही बाजू आल्या. मी मान हलवली.

जानेवारीत अम्मानहून बातमी आली, आजोबा गेले. आम्ही भेटायला गेलो. लेक मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या वडिलांचा हात धरला आणि इथल्या पद्धतीने म्हणालो, तुमच्या दुःखात सहभागी आहे. आता तरी फोटो दाखवावा असं वाटलं. पण आता दाखवायचा तर आधी का नाही, हे सांगावं लागलं असतं. खोट्याचं हेच असतं. ते दर महिन्याला थोडं जड होत जातं, आणि उचलायला आपण तेवढेच.

मार्चमध्ये लेकीला शाळेत मूळ रेकॉर्डिंग जमा करायला सांगितलं. मी ऑफिसात होतो. तिने माझ्या संगणकावरून ते घेतलं आणि सहज ऐकलं. तिला मराठी बोलता येत नाही असं मी लोकांना सांगतो. कळतं सगळं.

मी घरी आलो तेव्हा ती जिन्यावर बसली होती.

"बाबा, तपेलं म्हणजे भांडं ना?"

मी बूट काढायला वाकलो.

"तू ते लिहिलं नाहीस. आजी म्हणाल्या आजोबांना दाखव. दाखवलंस?"

"नाही."

"का?"

मी कारणं सांगितली. मैत्री, डॉक्टरबाई, दिवस वाईट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिला वाईट वाटलं असतं, हे तू ठरवलंस. तिला विचारलं नाहीस." आणि थोड्या वेळाने, "मी म्हटलं होतं ना, सगळं आण."

तिने फोटो मागून घेतला आणि तशीच मैत्रिणीकडे गेली. मी मागोमाग गेलो. त्या मुलीने फोन तिरका धरला, ओठ हलवत वाचलं. अर्धा मिनिटही लागलं नाही. एका बाईचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आणि गावाचं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते माझं नाही.

"हे आमच्यातलं नाही," ती म्हणाली. "पण गाव माहीत आहे. आजोबांच्या आईचं माहेर शेजारच्या गावातलं. आजोबांना त्या गावातलं घर न्‌ घर पाठ होतं. आजोबांनी लगेच सांगितलं असतं, यांचं कोण कुठे आहे ते." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "आता बाबांना विचारते," ती म्हणाली, "पण त्यांना नाही माहीत असणार. ते तिथे कधी गेलेच नाहीत." मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. ठीक नव्हतं.

निदान तपेलं तरी आहे, असं म्हणत मी डॉक्टरबाईंना फोन केला. आजी जानेवारीअखेरच ठाण्याला परतल्या होत्या.

"ते तपेलं? ते आईने इथेच दिलं," त्या म्हणाल्या. "बॅगेचं वजन जास्त होत होतं. मी म्हटलं, इतकी वर्षं सांभाळलंस, राहू दे माझ्याकडे. तर म्हणाली, नावच पुसलंय तर कोणाचं म्हणून सांभाळू? मग मी चॅरिटी शॉपला नेऊन दिलं. का हो?"

शनिवारी मी नावनला गेलो. दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या त्या दुकानात गल्ल्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. मी वर्णन केलं. "ते मोठं तांब्याचं होय?" त्यांचा चेहरा उजळला. "ते मांडलं त्याच दुपारी गेलं बघा. एक बाई घेऊन गेल्या. शेकोटीजवळ लाकडं ठेवायला. फार शोभून दिसतं तसं." त्या बाई कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मी माझा नंबर ठेवला, दारावर चिठ्ठी लावली, गावातल्या समाजमाध्यमांच्या गटावर फोटो टाकला. तेरा जणांनी हृदयाचं चिन्ह पाठवलं. पुढचे चार शनिवार मी गेलो. नावनच्या आसपास, मीथ परगण्यातल्या कुठल्यातरी घरात ते तपेलं आज आहे, आत लाकडं आहेत, आणि काठाखाली नाव आहे. मी रस्त्याने जाताना दिवे लागलेल्या खिडक्यांकडे बघतो. दार तरी कुणाकुणाचं वाजवणार?

आजींना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, आणि ते फोनवर सांगण्यासारखंही नव्हतं. सुट्टी मिळाली तशी मी ठाण्याला गेलो. मैत्रिणीकडून उच्चार नीट विचारून, नाव मराठी अक्षरांत एका कागदावर लिहून नेलं होतं.

आजी पलंगावर बसून पोहे निवडत होत्या. खूप वाळल्या होत्या. "आला रे बाबा, डबीवाला," म्हणाल्या. मग, "ते म्हातारे बरे हायत ना?"

"जानेवारीत गेले, आजी."

"अरेरे." त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "चांगला माणूस. माझ्यासाठी डोळे फोडून बघितलं असेल बिचाऱ्यानं."

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, अक्षरांखालून बोट फिरवलं. तपेल्यावर फिरवत तसंच. "ही तर बाई हाय," त्या म्हणाल्या. "बाईचं नाव हाय रे. तिच्या बापानं दिलं असेल लग्नात." त्यांनी ते नाव दोनदा मोठ्याने म्हटलं. चेहरा असा झाला, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "म्हणजे वाचता आलं की! कोणी वाचलं? आता माझ्या लेकीला सांग, ते भांडं दुकानातून परत आण म्हणावं..."

"आजी, थांबा," मी म्हणालो. मी खाली जमिनीवर बसलो. विमानात पाठ केलेलं सगळं विसरलो होतो. "भांडं मिळत नाही. मी खूप शोधलं. आणि अक्षरं कधीच पुसट नव्हती. आजोबांनी ती पाहिलीच नाहीत. मी त्यांच्यासमोर बसलो होतो, फोटो माझ्या खिशात होता, मी दाखवला नाही. त्यांनी तुम्हाला सलाम सांगितला होता, तोही मी ठेवून घेतला. मी तुमच्याशी खोटं बोललो. माझ्यामुळे तुम्ही ते देऊन टाकलंत. तुमच्या भावाचं काम माझ्यामुळे राहिलं. मला माफ करा, आजी."